तोंडातलं सोनं

मेदार वरच्या मजल्यावरून काम आटोपून खाली आला की उंबऱ्याबाहेरच थांबायचा आणि तोंड उघडायचा. औषध घ्यायला लहान मूल उघडतं तसं. त्याची बायको उर्सुल दोन बोटं घालून त्याच्या गालातलं नाणं काढून घ्यायची, आणि मगच त्याला घरात पाऊल टाकता यायचं.

सकाळी पिवळंधमक गेलेलं ते सोन्याचं नाणं संध्याकाळी पांढरंफटक होऊन यायचं, जसं काही कुणी दिवसाढवळ्या चांदीचं करून बदलून दिलंय. सँ-मार्तँ रस्त्यामागच्या त्या गल्लीत मुलामा चढवणारे सगळेच तोंडात असं नाणं धरत. पारा सोन्यावर भाळलेला असतो, ते म्हणत. सोनं दिसलं की माणसाला सोडून त्यालाच मिठी मारतो. मेदारचं नाणं त्याच्या बापाचं. दोन पिढ्या गालात घोळून त्यावरचा राजा पार झिजला होता, नाक नाही, मुकुट नाही, नुसता गोल गुळगुळीत चेहरा उरला होता.

मेदारचं काम असं की कांशाच्या पानाफुलांवर सोन्याचं लोणी माखायचं. पाऱ्यात विरघळवलेलं सोनं, बोटानं दाबलं तर खरोखर लोण्यासारखं मऊ. मग ते पान निखाऱ्यावर धरायचं. पारा उडून जातो, सोनं मागं राहतं. उडून जाणारा पारा दिसत नाही, त्याला वासही नाही. धुराड्यातून जातो तेवढा जातो, राहतो तो माणसात राहतो. मेदार सत्तेचाळीस वर्षांचा होता आणि सूप प्यायला वाडगा दोन्ही हातांनी धरायचा, तरी अर्धं सूप दाढीत. दात हलत होते. मधेच कारण नसताना संतापायचा, मग रडायचा. मेदारचा पारा चढला, असं म्हणताना त्या गल्लीत कुणी हसत नसे. हाताच्या थरथरीला ते म्हणत, हातात पाखरू शिरलं. एकदा शिरलं की ते बाहेर पडत नाही, एवढं सगळ्यांना ठाऊक होतं.

उर्सुलची एकच मुलगी होती, सिदोनी, सोळा वर्षांची. आणि उर्सुलचा एकच हट्ट होता. सिदोनीच्या हातात पाखरू शिरता कामा नये.

म्हणून पोरीनं जन्मात वरच्या कारखान्याचा जिना चढला नव्हता. उर्सुल स्वतः वर घोटणारी होती, मुलाम्याचं पान दगडाच्या घोटणीनं घासून चमकवायचं तिचं काम. पण खाली येताना ती जिन्याच्या वळणावर अंगातला झगा उतरवून खुंटीला टांगायची, कडाक्याच्या थंडीतसुद्धा. केस तिथंच झटकायची. हात व्हिनेगरनं धुवायची, मग पाण्यानं, मग पुन्हा व्हिनेगरनं. नवऱ्याचे जोडे कधी घरात आले नाहीत. शेजारणी हसायच्या, “उर्सुलबाईचं घर म्हणजे देवळाचा गाभारा गं, आपण पाय धुऊन यावं!” हसू देत. उर्सुलला कशाचं काही वाटत नसे.

आणि ते पांढरं नाणं? ते ती आत आणायची आणि चुलीतल्या निखाऱ्यावर ठेवायची. दुसऱ्या दिवसासाठी ते शुद्ध करायला हवं ना. आगीत सगळं शुद्ध होतं. वर सुपाचं भांडं, खाली निखारे, निखाऱ्यांवर नाणं. सिदोनी चार वर्षांची असल्यापासून हा तिचा खेळ होता. ती चुलीपुढं गुडघ्यावर बसायची, गाल फुगवून फुंकर घालायची, अगदी नाणं नाकाला लागेल इतकी वाकून, आणि पांढऱ्यावर पहिला पिवळा ठिपका उमटला की ओरडायची, “आलं! बाबा, तुमचं सोनं परत आलं!” मेदार खुर्चीतून म्हणायचा, “आलं का? शहाणं आहे. मला वाटलं आज हरवलं.” रोज तेच बोलणं, आणि रोज तिघंही हसायचे. दिवसभरात त्या घरात हसण्यासारखं तेवढंच असायचं.

सिदोनीच्या हातात कला होती. शाईच्या दोन थेंबांत ती कागदाच्या चिठोऱ्यावर बटमोगरीची फांदी काढायची, अशी की वाऱ्यानं आत्ता हलेल. मादाम वेर्दिए म्हणून एक बाई होती, तिच्याकडं हातपंख्यांवर चित्रं काढणाऱ्या सहा मुली बसत. स्वच्छ खोली, उत्तरेचा उजेड, रंगांच्या वाट्या. उर्सुलनं तिच्याकडं तीन वर्षं खेटे घातले होते. शेवटी मेणबत्तीच्या सणाला, फेब्रुवारीच्या सुरुवातीला, बाईनं बोलावलं.

“वेली येतात म्हणे तुला,” मादाम वेर्दिए म्हणाली. तिनं मांडीवर पातळ कातड्याचा पंखा पसरला. “या कडेनं एक रेघ ओढ. केसाएवढी. इकडून तिकडं, न उचलता. फूल नंतर. आधी रेघ.”

सिदोनीनं कुंचला घेतला. उर्सुल दाराशी उभी होती, दोन्ही हात पोटाशी धरून. पोरीनं श्वास रोखला. रेघ निघाली, चार बोटं सरळ गेली, आणि मग शहारली. थांबली. पुन्हा निघाली आणि पुन्हा शहारली, पाण्यावरच्या सावलीसारखी.

“घाबरलीस होय?” मादाम म्हणाली. “थंडी आहे. हात शेकून घे. घाई नाही.”

सिदोनीनं हात शेकले. दुसरी रेघ पहिलीपेक्षा वाईट आली. तिसरी तिनं ओढलीच नाही. कुंचला खाली ठेवला आणि उजवा हात डाव्या हातात धरून बसली.

मादामनं तो हात आपल्याकडं ओढून घेतला, उताणा केला, बोटं पसरली. मग दाराकडं बघितलं. “नवरा काय करतो म्हणालात?”

“मुलामा,” उर्सुल म्हणाली. “पण ही कधी वर गेली नाही, मादाम. मेरीमातेची शपथ, एकदाही नाही. जिनासुद्धा चढली नाही.”

“मी तुम्हाला खोटं पाडत नाही, बाई. पण रेघ मला दिसते ना.” ती वाईट बाई नव्हती. तिनं पंखा मिटला. “ईस्टरपर्यंत जागा ठेवते. कधी कधी वयात येताना मुलींचं होतं असं. ईस्टरला या. रेघ सरळ आली तर बसेल इथं.”

 गल्लीच्या तोंडाशी सिदोनी एवढंच म्हणाली, “आई, मी घाबरले नव्हते.”

दुसऱ्या दिवशी वर, घोटायच्या बाकावर, उर्सुलनं सगळं बार्बला सांगितलं. बार्ब सत्तरीची विधवा, गल्लीतली सर्वांत जुनी घोटणारी, दात दोनच पण जीभ धारदार. समोर एका घड्याळावर बसवायची देवी आडवी पडली होती, मुलामा झालेली, अजून धुरकट. बार्ब तिची पाठ घोटत होती.

“बघ हिला,” बार्ब म्हणाली. “ढुंगण भिंतीकडं करून उभी राहणार मेली, आणि सहा दिवस आपण तेच घोटायचं. कुणाला दिसणार? पाठीमागं लपलेल्या उंदराला.”

उर्सुल हसली नाही. बार्बनं घोटणी थांबवली. मग हलक्या आवाजात तिनं ते म्हणायला घेतलं जे बायका त्या बाकावर वर्षानुवर्षं म्हणत आल्या होत्या, घोटणीच्या येरझारीवर:

सोनियाची वेल, घोटते गं बाई,
फूल तिला येई, वास नाही.
सोनियाचं पोर, बसलं घड्याळी,
हसते सकाळी, बोलते ना.

“बार्बमावशी,” उर्सुल म्हणाली, “ती इथं कधी आली नाही. तुलाच माहीत आहे. मग शिरलं कुठून?”

“तुझ्या कपड्यातून?”

“झगा बाहेर काढते.”

“नवऱ्याच्या मिठीतून?”

“तो धुतल्याशिवाय तिला हातही लावत नाही. लहान होती तेव्हासुद्धा नाही. रडायची ती, घ्या म्हणून, तर हा मागं सरायचा.”

“मग खाण्यातून. पाण्यातून. देवाच्या मनातून.” बार्बनं पुन्हा घोटायला सुरुवात केली. “आमच्या वेळी असं विचारत नव्हते. शिरायचं ते शिरायचं.” थोड्या वेळानं, वर न बघता, ती म्हणाली, “पण पोर कोवळी आहे. लांब ठेवलं तर पाखरू कधी कधी बसतं. माझ्या दिराच्या मुलाचं बसलं होतं, वर्षभर गावी राहिला तर. कुठून येतं ते शोध आणि बंद कर.”

त्या संध्याकाळी मेदार उंबऱ्याशी थांबला. तोंड उघडलं. उर्सुलनं नाणं काढलं. त्या दिवशी ते फार पांढरं होतं, कारण दुसऱ्या एका मूर्तीच्या पंखांना सोन्याचा तिसरा थर दिला होता. तिनं ते निखाऱ्यावर ठेवलं आणि कांदे चिरायला वळली. मागं सिदोनी गुडघ्यावर बसली. आता ती फुंकर घालताना ओरडत नसे, मोठी झाली होती, पण घालायची. सवयीनं. बापासाठी.

फू. फू.

उर्सुलच्या हातातला चाकू थांबला.

वर काय करतात? पांढरं निखाऱ्यावर धरतात. पांढरं जातं, पिवळं राहतं. सबंध दिवस, सबंध जन्म तिनं हेच बघितलं होतं. जे पांढरं जातं ते कुठं जातं हेही तिला माहीत होतं. त्यासाठीच तर वर तेवढं मोठं धुराडं होतं, त्यासाठीच तर तिनं पोरीला बारा पायऱ्यांचा जिना चढू दिला नव्हता. आणि खाली, धुतलेल्या, पुसलेल्या, गाभाऱ्यासारख्या घरात, ती रोज संध्याकाळी तेच करत आली होती. लहान चुलीवर. सुपाखाली. पोरीच्या नाकाखाली.

नाण्याला ती शुद्ध करत होती.

तिनं चिमट्यानं नाणं उचललं आणि खिडकीबाहेरच्या दगडी कठड्यावर फेकलं. इतक्या जोरात की सिदोनी दचकून मागं पडली.

“आई! अजून पिवळं झालं नव्हतं.”

“लांब हो तिथनं.”

“झालं काय?”

“लांब हो म्हणते ना! आणि ते सूप. पिऊ नको ते.” तिनं सुपाचं भांडं उचललं आणि सबंध सूप, हाडं, कांदे, वाटाणे, सगळं मोरीत ओतलं. सिदोनी भिंतीला टेकून आईकडं बघत राहिली, तसं बघणं उर्सुलला आत कुठंतरी चिरत गेलं.

रात्रीचं जेवण पावावर भागलं. पोर झोपायला गेल्यावर उर्सुलनं मेदारला सांगितलं. कुजबुजत, भिंतीकडं तोंड करून. तो उताणा पडून आढ्याकडं बघत होता. मग म्हणाला, “माझी आईसुद्धा असंच करायची.”

“काय?”

“चुलीवर. बाबांचं हेच नाणं. मी फुंकर घालायचो.” त्याचा हात पांघरुणावर फडफडत होता, त्यानं तो दुसऱ्या हाताखाली दाबला. “कामाला लागलो त्या पहिल्याच आठवड्यात माझा हात हलत होता, उर्सुल. उस्ताद म्हणाला, पोरगं घाबरट आहे. मलाही तेच वाटलं. इतकी वर्षं तेच वाटलं.”

“आणि तुला कधी सुचलं नाही? रोज बघत होतास, खुर्चीत बसून!”

“तुला सुचलं?”

 तो रागावला नाही, रडलाही नाही, आणि तेच तिला सोसवेना. तो एकदा जरी ओरडला असता तरी तिला बरं वाटलं असतं.

दुसऱ्या दिवसापासून नाणं वरच राहिलं. चूल उर्सुलनं खरवडून काढली, विटा बदलल्या, राख नदीत टाकली. सिदोनीला तिनं एवढंच सांगितलं की नाणं आता वर तापवतात. का, ते सांगितलं नाही. सांगेन, ती मनाशी म्हणायची, ईस्टरला सांगेन, रेघ सरळ आली की हसत हसत सांगेन, बघ तुझी आई किती बावळट.

रोज सकाळी, उजेड झाला की, सिदोनी खिडकीशी बसून एक रेघ ओढायची. केसाएवढी. उर्सुल वर जाण्याआधी ती बघायची. पहिल्या आठवड्यात काही फरक नव्हता. दुसऱ्यात एक दिवस रेघ सहा बोटं सरळ आली. उर्सुलनं त्या दिवशी चर्चमध्ये मेणबत्ती लावली आणि बार्बला जिन्यावरच गाठून सांगितलं. बार्ब म्हणाली, “सहा बोटं? माझ्यापेक्षा सरळ आहे की. मला तर चमच्याचं तोंड सापडत नाही.” पण मग ईस्टरआधीचे उपासाचे दिवस लागले, आणि रेघ चार बोटांवर आली. मग पुन्हा पाच. मग तीन. सिदोनी कोऱ्या कागदाला टेकायच्या आधी डाव्या हातानं उजवं मनगट दाबून धरायला लागली. उर्सुलनं ते बघितलं आणि न बघितल्यासारखं केलं.

आई दूध आणायची, जवाचं पाणी पाजायची. मठातल्या नन बाईनं गंधक आणि मध सांगितला, तोही दिला. पोर निमूट सगळं प्यायची. मार्चमध्ये एका सकाळी उर्सुल उठली तर सिदोनी आधीच खिडकीशी होती. समोर वीसेक चिठोरे, आणि एकावरही रेघ नव्हती. तिनं रेघा सोडून ठिपके दिले होते, ओळीनं, एकापुढं एक, श्वासाश्वासाला एक.

“लांबून रेघच वाटते,” सिदोनी म्हणाली. “वाटते ना?”

“वाटते गं.”

“मादामला कळेल?”

उर्सुल तिच्या केसांवरून हात फिरवत राहिली.

ईस्टरच्या सोमवारी त्या मादाम वेर्दिएकडं गेल्या. बाईनं पंखाही पसरला नाही. सिदोनीनं हात पुढं केला, तेव्हा बाईनं आपला रुमाल काढून त्याच्यावर ठेवला. रुमालाची लेस थरथरायला लागली, वाऱ्याविना. तिघी बायका ती लेस बघत उभ्या राहिल्या. मग बाईनं रुमाल उचलून घडी घातला आणि म्हणाली, “पोरी, तुझी फुलं मी विसरणार नाही.” आत खोलीत सहाव्या जागेवर दुसरी मुलगी आधीच बसलेली होती, पंख्यावर वाकून, जीभ दाताखाली धरून.

घरी आल्यावर सिदोनीनं शाईची दौत खिडकीतून रिकामी केली, धुतली, पालथी घातली. मग ती आईसमोर येऊन बसली.

“आता सांग,” ती म्हणाली.

“काय?”

“त्या दिवशी सूप का फेकलंस ते. तेव्हापासून तू माझ्याकडं सरळ बघत नाहीस.”

उर्सुलनं सांगितलं. काही लपवलं नाही; लपवण्यासारखं ते लांबही नव्हतं, चार वाक्यांत संपलं. बोलताना ती स्वतःच्या हातांकडं बघत होती, व्हिनेगरनं फाटलेल्या, स्वच्छ हातांकडं.

 खाली गल्लीत पाणीवाला ओरडत गेला.

“म्हणजे रोज संध्याकाळी मी जी फुंकर घालायचे...”

“हो.”

“चार वर्षांची असल्यापासून.”

“हो, बाळा.”

पोरीनं मान हलवली.  फक्त म्हणाली, “मला ते फार आवडायचं.”

उर्सुलला वाटलं, आता ही उठून निघून जाईल, कुठंही जाईल, जावंच हिनं. पण जायला कुठं होतं? शिवणकामाची सुई तिला ओवता येत नव्हती. धुण्याच्या घाटावर, बाजारात, चांगल्या घरात वाढपी म्हणून, सगळीकडं पहिली नजर हातांवरच जाते, आणि हात बघून लोक काय समजतात ते वेगळंच. म्हणतात, बाटलीची सवय दिसते, नाहीतर रोग. एप्रिलभर ती घरात बसून राहिली. मे महिन्यात तिनं स्वतःच बापाला विचारलं, वर काही आहे का.

मेदार उर्सुलकडं बघत राहिला.  नाही म्हणायला उर्सुलपाशी आता एकही कारण उरलं नव्हतं. ज्यासाठी पोरीला खाली ठेवायचं, ते तर झालेलंच होतं.

“खरवडणीचं आहे,” मेदार शेवटी म्हणाला. “पितळी तारांचा ब्रश. आगीतून आलं की व्हिनेगरच्या पाण्यात घासायचं.” आणि जरा थांबून, जणू पोरीचं कौतुकच करतोय असा आवाज काढून, “त्याला हात थरथरला तरी चालतं. उलट बरंच असतं.”

सोमवारी सिदोनी पहिल्यांदा जिना चढली. बारा पायऱ्या. वळणावर उर्सुलनं तिला आपल्या खुंटीशेजारची खुंटी दाखवली आणि जुना झगा दिला, तिच्या खांद्यांवर सैल होणारा. केस तिनं स्वतः बांधून दिले, फडक्याखाली एकही बट बाहेर राहू नये अशा घट्ट, दोनदा सोडून पुन्हा बांधले, आणि तिसऱ्यांदा सोडायला लागली तेव्हा सिदोनीच म्हणाली, “आई, पुरे आता.”

आत बार्बनं मान वर केली.  नुसतं बाकावरून थोडी सरकली.

मेदारनं निखाऱ्यावरून एक कांशाचा गुच्छ चिमट्यात उचलला. गुलाब, द्राक्षाची पानं, एका मोठ्या आरशाच्या कोपऱ्यासाठी. अजून गरम होता, वरचं सोनं मंद, मातकट, झोपेतून उठल्यासारखं. तो त्यानं पाण्याच्या परातीत सोडला. चर्र झालं. सिदोनीनं ब्रश उचलला आणि परातीवर वाकली. ब्रश हलायला लागला, भराभर, न सांगता, आणि मातीतून एक एक पाकळी पिवळी होत वर यायला लागली.

उर्सुलनं आपलं स्टूल उचललं आणि खिडकीपाशी ठेवलं. “इथं बस,” ती लेकीला म्हणाली. “इथं वारा लागतो.”

सिदोनी उठून तिथं बसली. खिडकी उघडी होती, पण त्या दिवशी वारा बाहेरून आत येत होता, धुराड्यातूनही आतच येत होता, आणि निखाऱ्यांवरची हवा सरळ तिच्याकडं वळत होती. उर्सुल बघत राहिली, स्टूल कुठं हलवावं म्हणून. सबंध खोलीत तिला जागा दिसेना. मग ती बार्बशेजारी बसली, घोटणी ओली केली, आणि समोरच्या नव्या देवीच्या खांद्याला टेकवली.